गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली देवराईची रात्रफेरी: सातशे रुपयांत काय मिळतं आणि काय नाही

माणशी सातशे रुपये, रात्रीचं जेवण त्यातच. आधी पैशांचं सांगून मोकळा होतो. डिचोलीत माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक दारात आलं की पहिला प्रश्न कोणता विचारतं ते मला पाठ आहे. पैसे वसूल झाले का? झाले. पण जाहिरातीत जे लिहिलं होतं त्यामुळे नव्हे.

जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरत आली होती. 'देवराईतले दुर्मीळ बिनपंखी कीटक, जगात फक्त इथेच!' माझा भाचा प्राणिशास्त्र शिकतो, त्याने पाठवली. वाघ नाही, गवा नाही, धबधबासुद्धा नाही, आणि किडे बघायला सातशे. बायको म्हणाली, "आपल्या न्हाणीत फुकट दिसतात, बसा तिथे." ती आली नाही. मी आणि भाचा गेलो.

गावाचं नाव लिहीत नाही. तशी विनंती तिथल्या पोरांनीच सगळ्यांना केली होती, मोबाइलमधलं लोकेशनही बंद करायला लावलं. जो किडा उडू शकत नाही तो एकाच राईत असेल, तर दोन-चार हौशी लोक बाटल्या घेऊन आले तरी त्याचा निकाल लागतो. कारण पटलं, म्हणून पाळतोय. साखळी, होंडा करत वाळपई गाठायची आणि तिथून म्हादई नदीच्या अंगाला आत, एवढं पुरे. वाळपईत दोन ठिकाणी विचारलं की नंबर मिळतो. फेरी चालवणारी गावचीच पोरं आहेत. त्यांच्यात एक मुलगी एम.एस्सी. झालेली, आणि खरी फेरी तिचीच. बाकीचे गाड्या लावून घेतात, चहा देतात, जळवा काढतात.

सुरुवात तासभर उशिरा झाली. पणजीहून येणारी एक गाडी रस्ता चुकली म्हणून आम्ही वेळेवर आलेले सगळे पडवीत बसून राहिलो. हे चुकीचं आहे. वेळेवर येणाऱ्याला शिक्षा आणि उशिरा येणाऱ्याला गरम चहा, असा धंदा चालत नाही. दुसरं, आगाऊ दोनशे भरायचे आणि जोराच्या पावसाने फेरी रद्द झाली तर पुढची तारीख मिळते, पैसे परत नाहीत. जूनमध्ये सत्तरीत पाऊस पडतो हे त्यांनाही माहीत आहे.

पण त्या तासात मुलीने कंटाळा येऊ दिला नाही. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो एकेक करून फिरवत ती बोलत होती. तिचं पहिलं वाक्य असं होतं, "पंख फुकट मिळत नाहीत." पंख आणि ते हलवणारे स्नायू घडवायला अन्न लागतं. ज्या रानात शेकडो वर्षं काही बदललं नाही, ओल तशीच, सावली तशीच, तिथे उडून जायची गरजच पडत नाही. मग पिढ्यानपिढ्या पंख आखूड होत जातात, आणि वाचलेलं अन्न मादी अंड्यांत घालते. मदिरा बेटांवरच्या ५५० जातींच्या भुंगेऱ्यांपैकी २०० जातींना उडता येत नाही, हे डार्विनने नोंदवून ठेवलं होतं. त्याचा तर्क असा की तिथे जो उडतो तो वाऱ्याने समुद्रात जातो. आमच्या राईभोवती समुद्र नाही, पण काजूच्या बागा आहेत, रबर आहे, चिऱ्यांची खाण आहे, डांबरी रस्ता आहे. पाचोळ्यात राहणाऱ्या किड्याला यातलं काहीही ओलांडता येत नाही.

मग तिने लॉर्ड हाव बेटाची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला हे छोटं बेट. तिथे हाताच्या पंजाएवढा काळा, बिनपंखी काडीकिडा भरपूर होता. १९१८ साली 'मकांबो' नावाचं जहाज बेटापाशी खडकावर चढलं, त्यातून उंदीर उतरले आणि थोड्याच वर्षांत काडीकिडा नाहीसा झाला. संपला, असंच सगळे धरून चालले. २००१ मध्ये वीसेक किलोमीटरवरच्या बॉल्स पिरॅमिड या समुद्रातून उभ्या वर आलेल्या सुळक्यावर, एका झुडपाच्या बुडाशी तो पुन्हा सापडला. सगळे मिळून चोवीस. २००३ मध्ये त्यातल्या दोन जोड्या खाली आणल्या, आणि मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात त्यांची पैदास जमली. पडवीत बसलेल्या पणजीच्या एका बाईंनी विचारलं, "ते तिथे पोचले कसे?" मुलगी म्हणाली, "अजून खात्रीने सांगता येत नाही." मला हे उत्तर आवडलं. माझ्या लाइनमध्ये "नक्की माहीत नाही" म्हणणारा सेल्समन अजून भेटायचा आहे.

पंख नाहीत म्हणजे बिचारा, असंही नाही म्हणे. दख्खनच्या पठारावर कोलेमानिया नावाचा बिनपंखी टोळ आहे, तो ज्वारीच्या पिकावर तुटून पडतो आणि शेतकऱ्याला रडवतो. आपल्याकडे कुंपणावर काटक्यांची छोटी पिशवी लटकलेली दिसते ना, तिच्यात एका पतंगाची अळी असते. त्यातल्या बऱ्याच जातींची मादी मोठी झाल्यावरही बिनपंखी असते आणि पिशवीतून बाहेर पडत नाही. पण तिची पिल्लं रेशमाच्या धाग्याला लोंबकळत वाऱ्यावर दूर जातात. म्हणजे प्रश्न नुसता पंखांचा नाही. दुसरीकडे जायला काही वाट आहे का, हा आहे.

इथे मी विचारलं, "मग 'जगात फक्त इथेच' हे कशावरून?" ती जरा थांबली. म्हणाली, असं सिद्ध झालेलं नाही. दुर्मीळ म्हणायचं तर आधी आजूबाजूला शोधलेलं असावं लागतं. जगात दहा लाखांहून जास्त कीटकजातींना नावं मिळाली आहेत, आणि धोक्यात आहेत की नाहीत हे तपासलेल्या त्यातल्या दोन टक्केही नाहीत. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या यादीत कीटक आहेत, पण बहुतेक फुलपाखरं. म्हणजे जे सुंदर दिसतं ते यादीत. मी म्हटलं, मग जाहिरातीतून ते वाक्य काढा. तिला मान्य होतं. जाहिरात करणारा पोरगा म्हणाला, "काका, नायतर लोक येत नाहीत." त्याचंही खोटं नाही, पण एक तारा मी याचाच कापतोय.

आता राईबद्दल. गेटबिट काही नाही. घरांची ओळ संपते, काजूची बाग लागते आणि मग एकदम अंधार घट्ट होतो. किंदळ, भेरली माड, मांडीएवढ्या जाड वेली. वाट एकामागोमाग एक जाण्याएवढीच. देव म्हणजे एक पाषाण, त्याच्यासमोर मातीचे घोडे आणि दिवली. तिथे चपला काढायच्या, बाकी वाटेवर बूट चालतात. ज्यांनी सत्तरीतल्याच बांबरची निरंकाराची राई पाहिली आहे, चिखलातून गुडघे काढून उभ्या राहिलेल्या रानजायफळाच्या मुळांची, त्यांना ही राई लहान वाटेल. नेत्रसुखासाठी दिवसाढवळ्या जायचं तर तिकडेच जावं. इथे बघायचं ते पायाखाली.

वाटेत एक मोठं झाड आडवं पडलेलं होतं, निम्मं कुजलेलं, शेवाळलेलं. आम्ही त्याला वळसा घातला. सोबत गावकरांपैकी एक वयस्क गृहस्थ होते, ते म्हणाले, देवाचा कौल घेतल्याशिवाय इथली पडलेली काटकीसुद्धा कोणी उचलत नाही. हे झाड त्यांच्या लहानपणी पडलं. मुलीने बॅटरी खोडाला जवळजवळ टेकवून धरली. सालीच्या फटीत एक रातकिड्यासारखा पण पाठीला कुबड आलेला, लांब मिशांचा, बिनपंखी प्राणी सरकला आणि आत गेला. भाचा हरखला. मला त्या किड्यापेक्षा त्या नियमाचं कौतुक वाटलं. वनखात्याच्या रानातून सुकी लाकडं जातात, कुळागराला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेला, पातेरा (पाचोळा) लागतो म्हणून डोंगर झाडून नेतात. इथे मात्र देवाच्या धाकाने कुजणं शाबूत राहिलं आहे, आणि उडता न येणाऱ्यांचं सगळं घरदार त्या कुजण्यात आहे. गोव्यात हे नवल वाटायला नको खरं तर. आपली सातेरी देवी वारुळाच्या रूपातच पुजली जाते, आणि वारूळ उभं करणाऱ्या वाळवीला पंख कुठे असतात? पहिल्या पावसात जे उडतात ते राजा-राणी, आणि तेही जमिनीवर उतरताच पंख टाकून देतात.

पुढे एका रानहळदीच्या पानावर काडीकिडा होता. पहिल्यांदा कोणालाच दिसला नाही. "पळयात काका, हांगा," म्हणून तिने बोट नेलं तरी मी काटकीच बघत होतो. वारा नसताना तो पुढे-मागे झुलत होता, पान हलल्यासारखा. आमच्यातल्या एकाने हात पुढे केलाच, तर तिने मनगट धरून मागे ओढलं. पकडला तर तो पाय तोडून देतो आणि सुटतो. कोवळ्या वयात पाय पुन्हा फुटतो, मोठेपणी नाही. अंडी तो एकेक करून नुसती खाली टाकतो, बियांसारखी. म्हणजे पुन्हा पातेराच आला. तो झाडून काढला की अंडी टोपलीतून कुळागरात.

मग सगळ्यांना दिवे बंद करायला सांगितले. चौदा माणसं गप्प उभी राहणं ही गोव्यात अवघड गोष्ट आहे, पण राहिली. डोळे सरावल्यावर वाटेपासून हातभर आत, एका मुळाच्या खोबणीत हिरवा उजेड दिसला. लुकलुकत नव्हता, सलग होता. काजवा म्हणजे उडणारा एवढंच मला माहीत होतं. काही जातींत नर उडतो आणि मादीला पंखच नसतात. ती दिसायला अळीसारखी, जमिनीवरच राहते, दिवा लावते आणि वाट बघते. अशा कित्येक जातींची मोठी झालेली मादी काही खातही नाही. अळी असताना गोगलगायी खाल्लेल्या असतात, त्या पुंजीवर जगायचं, एकदा अंडी घालायची आणि संपायचं.

मी गुडघ्यावर बसून पाहिली. करंगळीच्या दोन पेरांएवढी, फिकट पिवळी, पाठीवर खापऱ्या एकीवर एक बसवल्यासारख्या. उजेड पोटाच्या शेवटच्या टोकाला, खालच्या बाजूला. म्हणून तिने ते टोक पिळून वर काढलं होतं, उजेड आभाळाकडे जावा असं. माझा जन्म दिव्यांत गेला. एवढासा उजेड, पण हात जवळ नेला तर गरम लागत नाही. भाच्याने विचारलं, ही मादी की अळी? कारण अळ्याही चमकतात. मुलगी पोटावर आडवी झाली, भिंगातून बघितलं, आणि म्हणाली, "मादी वाटते. पण पैज लावणार नाही." तिच्या वहीत तिने तारीख, मुळाचा नंबर आणि प्रश्नचिन्ह लिहिलं. प्रत्येक फेरीत त्याच वाटेवर किती दिवे दिसले ते ती मांडून ठेवते. आपल्या सातशेतले शंभर देवस्थानाला जातात आणि काही या कामाला. हा हिशेब मागितला तर दाखवतात, मी बघितला.

आणि एवढ्यात मागून कोणीतरी फ्लॅश मारला. हिरवा दिवा गेला. बराच वेळ थांबलो, पुन्हा लागला नाही. सांगूनही फ्लॅश मारणारा माणूस कुठल्याही गटात एक असतोच, तेव्हा मोबाइल सुरुवातीलाच काढून घ्यायला हवेत. मुलीने तोंडातून एक शब्द काढला नाही. मी काढले.

आता माझ्या धंद्याचं. त्यांनी प्रत्येकाला दिलेली बॅटरी म्हणजे साधी पांढरी एल.ई.डी., तोंडाला लाल जिलेटिन पेपर रबरबँडने बांधलेला. कल्पना बरोबर आहे, बहुतेक कीटकांना लाल उजेड फारसा दिसत नाही. पण कागद एकेरी, कडेने पांढरा उजेड फटफटीत बाहेर येतो. दुहेरी लावा आणि कडा काळ्या टेपने बंद करा, खर्च पाच रुपये. हे बॅटरीचं झालं. राईच्या पलीकडच्या टोकाला देवळाचा नवा स्लॅब पडला आहे, त्याच्यावर शंभर वॅटचे दोन फ्लडलाइट रात्रभर चालू. माझ्या दुकानातून गेलेले नाहीत, पण जाऊ शकले असते, रोज विकतो. शंभर वॅट म्हणजे साधारण दहा हजार ल्युमेन उजेड, आणि रंग साडेसहा हजार केल्व्हिनचा, निळसर पांढरा. पिवळ्यापेक्षा किड्यांना जास्त खेचणारा हाच. युरोपात बिनपंखी माद्यांच्या काजव्यांवर अभ्यास झाले आहेत. दिव्याच्या उजेडात नरांना मादीचा उजेड सापडत नाही, आणि मादी तर सहसा उठून अंधारात जाऊन बसत नाही. देवळाच्या बाजूच्या वाटेवर त्या रात्री आम्हाला एकही हिरवा ठिपका दिसला नाही.

त्या वयस्क गावकरांशी जेवताना बोललो. देवस्थानात आता वाटेवर पेव्हर ब्लॉक घालायचं चाललं आहे. मी तोंड वाकडं केलं तर ते म्हणाले, "जत्रेला म्हातारी माणसं घसरून पडतात, त्याचं काय करू?" बरोबर आहे. शहरातून येऊन चिखलाचं कौतुक करणाऱ्यांना गुडघे बदललेली आई सोबत आणायला लावली पाहिजे. मुलीचं म्हणणं असं की वाट आहे तेवढीच रुंद ठेवा, ब्लॉकऐवजी फटी ठेवून चिरे बसवा, कडेचा पातेरा झाडू नका. मी म्हटलं, दिव्यांना टोप्या घाला म्हणजे उजेड खाली पडेल, पिवळे बावीसशे केल्व्हिनचे लावा, आणि टायमर बसवा, जत्रा सोडून दहाला बंद. त्यांनी खर्च विचारला. सांगितला. चवथीनंतर बैठकीत मांडतो म्हणाले. मांडतील की नाही देव जाणे, पण माणूस ऐकून घेणारा वाटला.

राई वाचवा म्हटलं की लोक मोठी झाडं मोजतात. डिचोलीतल्या सुर्लच्या पुर्वतळी राईला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, चांगलंच झालं. दूर केनियाच्या किनाऱ्यावर मिजिकेंडा लोकांची 'काया' म्हणून देवाची रानं आहेत, त्यातली दहा २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. भाच्याने येताना गाडीत मोबाइलवर दाखवलं. पण झाडं सगळी उभी ठेवून खालची जमीन झाडून, फरशी घालून, उजळून टाकली तर यादीत राई राहील आणि तो मुळाच्या खोबणीतला हिरवा दिवा राहणार नाही. हे मला सातशे रुपयांत कळलं.

परतीची वाट काजूच्या बागेतून होती. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या अभयारण्यात ठिकठिकाणी वणवे पेटले होते, तेव्हा या बागेचा एक कोपराही गेला. राई आतल्या ओलीमुळे वाचली. मुलगी जळलेल्या पट्ट्यातही नोंदी ठेवते. फुलपाखरं, मधमाश्या परत आल्या, उडणाऱ्यांचं काय. पातेऱ्यातले परत यायचे तर राईच्या कडेने पावलापावलाने सरकतच येणार, आणि मध्ये बैलगाडीची वाट आहे.

जेवण उत्तम. उकड्या तांदळाचा भात, फणसाच्या आठल्या घातलेली तायकिळ्याची (टाकळ्याची) भाजी, सोलकढी, आणि मासे नाहीत. राईत जाऊन आल्यावर मासे वाढत नाहीत, हे आधीच सांगतात. माझ्यासारख्याने मनाची तयारी करून जावं.

पाचपैकी साडेतीन तारे. एक जाहिरातीचा कापला, अर्धा उशिराचा. दहा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका, गप्प राहणं जमत नाही. जळवांसाठी लांब मोजे आणि मिठाची पुरचुंडी घ्या, तंबाखू ते लावू देत नाहीत. फोन रात्री आठनंतर करा, दिवसा पोरं कामावर असतात. आणि डोक्याला लावायचा दिवा स्वतःचा नेणार असाल तर लाल उजेडाचं वेगळं बटण असलेला घ्या, पांढऱ्यावरून फिरत लालवर जाणारा नको, नाहीतर त्या फ्लॅशसारखाच प्रकार होतो. चारशेच्या आसपास मिळतो. माझ्याकडचे संपले आहेत, म्हापशाला बघा.